वीज उन्हाची, पाणी सगळ्यांचं, सातबारा ज्याचा त्याचा

गावाकडं परतायची भाषा आमच्या भागात मुख्यतः दोन प्रकारचे लोक करतात. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, ज्यांचं निम्मं आयुष्य परमुलखात सोनं-चांदी गाळण्यात गेलं, आणि माण-खटावचे मुंबईतले माथाडी. दोघांचीही गावाकडं चार-पाच एकर माळ पडून असते, गाठीला थोडी शिल्लक असते. मग कुणीतरी म्हणतं, दहा घरं मिळून शेती करू, सोलर लावू, विजेची तारच नको.

बेत जमण्यासारखा आहे. फक्त लोक ज्याला अवघड समजतात ती वीज यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. पैसे मोजले की पंधरा दिवसांत दिवे लागतात. वस्ती मोडते ती पाण्याच्या पाळीवरून आणि हजेरीच्या वहीवरून. म्हणून खाली विजेवर थोडं आणि पाण्यावर पुष्कळ लिहिलं आहे.

माणसं आधी, माळ नंतर

दहा घरं हा आकडा चांगला. सहकारी संस्था नोंदवायची तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतातच. पण एकाच भावकीतली सगळी घरं घेऊ नका. भावकीतलं जुनं बांधाचं भांडण नव्या वस्तीत पहिल्याच पावसात उगवतं. दोन-तीन घरं अशी हवीत ज्यांनी जन्मभर जिरायत केली आहे. एक माणूस मोटार-स्टार्टर उघडून बसणारा हवा, आणि एकाला तरी जमाखर्च लिहायची सवय हवी. पुण्यात राहून नुसते पैसे घालणारा भागीदार शक्यतो नको. त्याला दर महिन्याला व्याज दिसतं आणि इथं राहणाऱ्याला दर महिन्याला तण दिसतं.

कागद करण्याआधी एक अख्खा रब्बी हंगाम सावडीनं काढा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्वारी काढणी, कणसं खुडणी, मळणी सगळं. आपल्याकडं सावड, पैरा, इर्जिक या चाली जुन्याच आहेत, नवं काही शिकायचं नाही. कोण नऊ वाजता येतो, कोण दुसऱ्याच्या रानात हात आखडता घेतो आणि कुणाची बायको कामाला येते पण बैठकीला येत नाही, हे सगळं या एका हंगामात कळतं. दहातली सात घरं टिकली तरी पुष्कळ झालं. उरलेली तीन शोधायला वेळ असतो.

रान बघायचं ते वैशाखात

श्रावणात माणचा माळसुद्धा महाबळेश्वर वाटतो. त्यामुळं जमीन घ्यायची असो की आपल्याच जमिनी जोडायच्या असोत, पाहणी एप्रिल-मेमध्ये करा. सातारा-सांगलीच्या पूर्व पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या बाजूला, वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा हिस्सा परतीच्या पावसाचा. सप्टेंबर-ऑक्टोबर साधला तर वर्ष साधलं.

विहिरीची परीक्षा अशी घ्या. मोटार लावून पाणी तळाशी आणा, दोरीला गाठी मारून पातळी मोजा आणि चोवीस तास कुणालाही मोटार चालू करू देऊ नका. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी चढलं तर ते सुमारे २८ हजार लिटर. मे महिन्यात दिवसाला एवढं पाणी भरत असेल तर पन्नास माणसं आणि गोठा निभावून थोडं शेवगा-भाजीपाल्याला उरतं. वीतभरच चढलं तर तिथं वस्ती करू नका, दलाल काहीही सांगो. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर किंवा उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी पुढच्या वर्षी येणार, या बोलीवर तर एक रुपयाही जादा मोजू नका. आलं तर चांगलंच आहे.

मग वाट. नकाशावर रस्ता आहे की नुसती वहिवाट, हे बघा. शेजारी अडवत असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडं बांधावरून रस्ता मागता येतो, आणि असलेली वाट कुणी बंद केली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. दोन्हींत तारखा पडतात. भांडणाची वाट असलेलं रान स्वस्त मिळतं आणि महाग पडतं.

कागद

सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशा हे चार कागद हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं, किंवा इतर हक्कात वतन, देवस्थान इनाम, पुनर्वसन असा शेरा दिसला तर परवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही. शेतजमीन घेणारा शेतकरीच असावा लागतो, ही कूळकायद्याच्या कलम ६३ ची अट. दहातला एखादा बिनशेतीवाला असेल तर त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा दुसरा मार्ग आधीच ठरवा. तुकड्यांचंही भान ठेवा. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे धरलं जातं, त्याखालचा तुकडा विकत घेऊन दस्त करायला गेलात की अडकता.

आता मुख्य प्रश्न. जमिनी एकत्र करून संस्थेच्या नावावर चढवायच्या का? माझं मत ठाम आहे: चढवू नका. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला, देशभर तशा संस्था निघाल्या, आणि त्यातल्या पुष्कळ कागदावरच राहिल्या. काही तर जमिनीच्या कमाल धारणा कायद्यातून जमीन वाचवायलाच काढलेल्या होत्या. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की माणसाची झोप उडते, आणि झोप उडालेला माणूस बैठकीत प्रत्येक ठरावाला आडवा येतो. म्हणून सातबारा ज्याचा त्याच्याकडं राहू द्या. विहीर, शेततळं, पंप, पाइपलाइन, अवजारं, गोठा, गोदाम आणि विक्री मात्र संस्थेची.

जमीन संस्थेला कसायला द्यायची तर लेखी करार वकिलाकडून करून घ्या, कारण खंड किंवा वाट्याचा सैल कागद असला की कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसण्याची, धास्ती दोन्ही बाजूंना राहते. ती धास्ती कागदानंच जाते. विहीर ज्याच्या गटात, म्हणजे गट नंबराच्या जमिनीत, येते त्याच्याकडून संस्थेच्या नावे पाणी घेण्याचा आणि पाइपलाइनचा हक्क नोंदणीकृत दस्तानं घ्या आणि इतर हक्कात चढवा. पुढं त्याच्या मुलानं जमीन विकली तर पाणी विकलं जाता कामा नये.

नोंदणी सहकारी संस्था म्हणून करायची की शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून, यावर लोक महिनोन्महिने वाद घालतात. कंपनीलाही दहा उत्पादक लागतात, किमान पाच संचालक लागतात, आणि तिथंही सर्वसाधारणपणे एक सभासद एक मत. माल बाहेर विकणं हा मुख्य धंदा असेल, डाळिंब-बेदाणा-डाळी असं काही, तर कंपनी. पाणी, अवजारं आणि राहणं हे मुख्य असेल तर सहकारी संस्था, आणि त्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधकांचं कार्यालय गाठायचं. सभासदत्व नवरा-बायको दोघांच्याही नावे ठेवायची पोटनियमात सोय करून घ्या. खुरपणी, काढणी आणि गोठ्याचं काम करणारीचं नाव कुठंच नाही, अशी संस्था पहिल्या पिढीपलीकडं जात नाही.

राहायचं ठिकाणही कागदाचाच भाग. प्रत्येकानं आपल्या गटात शेतघर बांधणं वेगळं, आणि एकाच गटावर दहा घरांची आळी उभी करणं वेगळं. दुसऱ्यात बिगरशेतीचा प्रश्न येतो. पाया खोदायच्या आधी ग्रामपंचायत आणि तहसील, दोन्हीकडं विचारा.

पाण्याचा ताळेबंद

पन्नास माणसं, पंधरा मोठी जनावरं, चाळीस शेळ्या धरू. माणशी दिवसाला ५५ लिटर म्हणजे २,७५० लिटर. मोठ्या जनावराला ६० लिटर धरलं तर ९००, शेळ्यांना २४०. वर्षाचे झाले साधारण १४ लाख लिटर. हे पाणी पिकाच्या आधी बाजूला काढायचं, यावर मतदान नाही.

एक एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला की वीस लाख लिटर पाणी पडतं. चाळीस एकरांवर आठ कोटी. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यातलं बरंचसं तासाभरात ओढ्यानं पळून जातं. म्हणून पहिलं वर्ष पीक विसरा आणि मातीकाम करा. उतारावर साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल सलग समतल चर, त्याखाली बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध, असं माथ्याकडून पायथ्याकडं. ओढ्यातला बंधारा शेवटी. उलटं केलं की पहिल्या पावसात बंधारा गाळानं भरतो. या कामात शिकायला लांब जायला नको. कोरेगावच्या वेळूनं पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेचा, म्हणजे वॉटर कपचा, २०१६ चा पहिला नंबर घेतला, माणच्या टाकेवाडीनं २०१८ चा. तिथं जाऊन चरांची आखणी कशी केली ते बघा, आणि त्यानंतर चर साफ कोण करतं तेही विचारा.

शेततळ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. ज्वारीला एक संरक्षित पाणी मोकळं सोडलं तर एकरी अडीच-तीन लाख लिटर लागतं, म्हणजे भरलेलं तळं सात-आठ एकरांना एकदाच पुरतं. तुषार किंवा ठिबकवर थोडं जास्त रान भिजतं. एक एकर उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं, म्हणजे अशी जवळजवळ चार तळी. त्यामुळं 'वस्तीच्या पाण्यावर ऊस नाही' हे पोटनियमात लिहा, तोंडी ठेवू नका. सांगली जिल्ह्यात तोंडी ठेवलं तर चौथ्या वर्षी कुणीतरी बांधाला लपवून दहा गुंठे लावतोच.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या तळ्यातलं दीड मीटरच्या आसपास पाणी नुसतं हवेत जातं. म्हणजे निम्मी खोली. तेव्हा तळं आधी वापरा, जानेवारीच्या आत ज्वारी-हरभऱ्याला देऊन मोकळं करा, आणि विहिरीचं पाणी उन्हाळ्यासाठी झाकून ठेवा. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं. विहीर-बोअर उपसून तळं भरतात आणि भूगर्भातलं पाणी उन्हात वाळत घालतात. तळ्यात प्लास्टिक घालायचं तर पाचशे मायक्रॉनचं, त्यापेक्षा पातळ नको. कुंपण केल्याशिवाय पाणी भरू नका. तळ्यातला प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आणि टायरची जुनी ट्यूब बांधून ठेवा, आणि ते दोर दरवर्षी बदला, कारण उन्हानं कुजतात.

आता वाटप. दोन दाखले डोळ्यांसमोर ठेवा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नव्हतं, माणशी होतं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. दुसरा दाखला घरचा. खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतल्या वाळूच्या पैशावर बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा हक्क धरला. दहा घरांच्या वस्तीलाही हेच लागू. कुणाची दोन एकर असेल, कुणाची नऊ, पण पाण्याचा वाटा घरटी सारखा. नऊ एकरवाला कुरकुरेल. त्याला सात एकर जिरायत करायला सांगा किंवा शेजाऱ्याचा वाटा लेखी, हंगामापुरता, ठरलेल्या दरानं घ्यायला सांगा.

पाळीपत्रक गोदामाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पाळी कुणीच मानत नाही. आणि पाणी सोडणारा माणूस एकच ठेवा, पगारी, सभासद नसलेला असला तर उत्तम.

बोअर मारायची घाई करू नका. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअरला कायद्यानं बंदी आहे, आणि भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावरही निर्बंध आहेत. शिवाय आपला बेसॉल्ट. तीनशे फुटांवर लागलेलं पाणी दोन वर्षं चालतं आणि तिसऱ्या वर्षी नुसती धूळ येते.

वीज

शेतीपंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. योजना पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे, तेव्हा कुणाच्या नावे आधीची जोडणी निघते का ते बघा. पाच एचपीचा पंप चांगल्या उन्हात, पन्नास मीटर उचल असेल तर दिवसाला लाखभर लिटरच्या आसपास देतो. कंट्रोलर 'युनिव्हर्सल' घ्या. मग पंप बंद असतो त्या दिवसांत त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालते.

सोलरनं पाळीचं गणितही बदलतं. रात्रपाळी संपते, बॅटरी घेऊन सापांतून जाणं संपतं. पण पाणी मिळतं ते दहा ते चार. ढगाळ दिवस कुणाच्या पाळीत गेला, तो भरून द्यायचा की नाही? पाळी तासांवर न ठेवता वॉटर मीटरवर, लिटरमध्ये ठेवा. एक मीटर बसवला की अर्धी भांडणं मिटतात.

घरांसाठी प्रत्येकी रोज एक युनिट पुष्कळ झालं. पाच एलईडी, एक बीएलडीसी पंखा, मोबाइल, तासभर टीव्ही. दहा घरं, पिण्याच्या पाण्याची मोटार आणि लसी-औषधं-दूध ठेवायला एक सामाईक फ्रिज मिळून चौदा युनिट धरा. आपल्याकडं एक किलोवॉट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणून ५ किलोवॉट बसवा, म्हणजे ढगांची सोय होते. बॅटरी लिथियम फॉस्फेट घ्या, दहा युनिटची. ट्युब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाची बॅटरी, स्वस्त पडते, पण निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, आणि दहा घरांत कुणी ना कुणी उतरवणारच. इस्त्री आणि हीटर बंद. आंघोळीला चूल किंवा सोलर बंब. वीज पडते म्हणून अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर यात काटकसर नको.

गोबरगॅसचा उत्साह आवरा. दोन घनमीटरच्या दीनबंधू प्लँटवर पाच माणसांचा स्वयंपाक होतो, पण त्याला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. दहाही घरांना द्यायचा तर पन्नास जनावरं, आणि त्यांचा चारा-पाणी कुठून आणणार? ज्यांच्या दावणीला तेवढी जनावरं आहेत त्यांनीच बांधावा, थंडीत गॅस कमी होणार हे धरून. बाकीच्यांनी सुधारित चूल ठेवावी आणि सिलिंडरही ठेवावा. त्यात कमीपणा नाही. आणि सगळ्यांची चूल एक करायच्या भानगडीत पडू नका. तिखट-मीठावरून तुटलेली वस्ती पुन्हा जोडता येत नाही.

रानात काय

पन्नास माणसांना वर्षाला माणशी दीड क्विंटल धान्य धरलं तर ७५ क्विंटल. जिरायत मालदांडी ज्वारी आणि बाजरी एकरी चार-पाच क्विंटल देतात असं धरलं तर पंधरा-अठरा एकर त्यात जातात. कडबा फुकट मिळतो, आणि इथं कडब्याला धान्याइतकीच किंमत असते. चार-पाच एकर तूर, मटकी, हुलगा, दोन एकर करडई. उतारावर बोर, सीताफळ, शेवगा, बांधावर हादगा आणि बाभूळ. रोख पैशासाठी शेळ्या आणि डाळी. डाळिंब लावायचंच तर दोन एकरांच्या वर नको, आटपाडीला तेल्या रोगानं काय केलं ते समोर आहे. जनावर खिलार ठेवा, उन्हाला टिकतं. घरांना दगड-मातीच्या जाड भिंती चांगल्या, पण माळवदाऐवजी उतरतं छप्पर घाला, कारण शंभर चौरस मीटर छपरावरून वर्षाला चाळीस हजार लिटर पाणी टाकीत येतं.

हजेरी, वाटणी आणि निघणं

बंदिस्त भिंत नसतानाही माणसं नियमानं शेतावर राहू शकतात, हे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरनं १९३९ पासून दाखवलं आहे. औंध संस्थानानं सुरू केलेली ती कैद्यांची खुली वसाहत. तिथं आजही कैदी घरच्यांसह राहून शेती करतात. पण तिथं निघायचं कधी हे सरकार ठरवतं. तुमच्या वस्तीत ते तुम्हालाच ठरवायचं आहे, आणि पहिलं बी पेरायच्या आधी.

हजेरी रोजची रोज, संध्याकाळी, सगळ्यांसमोर लिहा. बाई आणि गडी यांचा रोज सारखा. सामाईक उत्पन्नातून आधी पुढच्या वर्षाचं बी-खत आणि दुरुस्ती काढा, मग रोजाचे पैसे द्या, मग जमिनीचा खंड, आणि उरलं तर सारखं वाटा. जमिनीचा वाटा आधी काढला की कष्ट करणारे दोन वर्षांत पळतात. बॅटरी आणि पंपासाठी दर महिन्याला घरटी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. नदीकाठच्या कितीतरी पाणी उपसा सिंचन संस्था वीजबिलात बुडाल्या. तुमचं वीजबिल दरमहा येत नाही, ते दहा वर्षांनी एकदम बॅटरीच्या रूपानं येतं. लेखापरीक्षण दरवर्षी, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत.

निघणाऱ्यासाठी पाडवा ते पाडवा हे वर्ष धरा, सालगड्याचंही तेच असतं. एक वर्षाची लेखी सूचना. त्याचा सातबारा त्याच्याकडेच आहे, त्यामुळं जमिनीचा तंटा नाही. पंप, तळं, गोठा यांतला हिस्सा घसारा वजा करून तीन हप्त्यांत परत. पाण्याचा वाटा मात्र वस्तीतच राहतो. जमीन विकायची झाली तर आधी उरलेल्या नऊ घरांना विचारायचं, तीन महिने वाट बघायची, मग बाहेर. कुणी वारलं तर वारसांपैकी वस्तीत राहणाऱ्यालाच सभासदत्व. हा कागद साध्या मराठीत करा, बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा, आणि सह्या सभासदांच्या तर घ्याच, घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाच्याही घ्या.